दोन वितींचे हरीण

जैन घरांतील मुलांची हरणाशी पहिली ओळख बहुधा मंदिरातच होते. सोळावे तीर्थंकर श्री शांतिनाथ भगवान यांच्या मूर्तीच्या आसनावर कोरलेले मृगाचे लांछन आजी बोटाने दाखवते, आणि चोवीस लांछने पाठ करता करता ते नाव मुलाच्या तोंडी बसते. पुढे नेमिनाथ भगवंतांची वरात आणि वाड्यात कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ही कथा ऐकताना त्या पशूंमध्येही डोळ्यांसमोर प्रथम हरीणच उभे राहते. सडपातळ अंग, लांब पाय, मोठे डोळे, सदैव सावध कान, अशी त्याची एक प्रतिमा मनात ठरून गेलेली असते. चितळ किंवा काळवीट पाहिलेल्या माणसाला पूर्व आफ्रिकेतील डिक-डिक प्रथमच दिसते तेव्हा तो त्याला कुणाचे तरी चुकलेले पाडस समजतो. हा पूर्ण वाढलेला प्राणी आहे असे सांगितले, तरी त्याचा लगेच विश्वास बसत नाही.

खांद्यापाशी या हरणाची उंची ३० ते ४० सेंटीमीटर, म्हणजे दोन वितींहूनही कमी. वजन तीन ते सहा किलो. किराणा दुकानातील पाच किलो साखरेची पिशवी उचलावी तेवढेच. पाठ करड्या-तपकिरी रंगाची, पायांवर तांबूस झाक, डोळ्यांभोवती फिकट वलय आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली एक ठळक काळा ठिपका. नराला सात-आठ सेंटीमीटरची सरळ शिंगे असतात, पण कपाळावरच्या केसांच्या झुपक्यात ती बऱ्याचदा दिसतच नाहीत. मादीला शिंगे नसतात. ती नरापेक्षा थोडी मोठी असते. शास्त्राच्या काटेकोर भाषेत हा मृग नव्हे, कुरंग होय. मृगकुळातील नरांची शिंगे दरवर्षी गळून पुन्हा उगवतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा आणि डिक-डिक या कुरंगांची शिंगे आयुष्यभर टिकतात. बोलीभाषेत मात्र ही सगळी हरणेच, आणि तसे म्हणण्यात काही बिघडत नाही.

नाव त्याच्याच आवाजावरून पडले. धोका जाणवताच हा प्राणी झुडपांतून उसळ्या मारीत पळतो आणि पळताना लांब नाकातून ‘झिक्-झिक्’ असा तीक्ष्ण आवाज काढतो. ऐकणाऱ्यांना तो ‘डिक-डिक’ असा वाटला. स्वाहिली भाषेत त्याला डिगिडिगी म्हणतात. सोमालिया, इथिओपिया, केनिया आणि टांझानिया येथील कोरडी, काटेरी झुडपांची राने हे त्याचे घर. तिथून फार दूर, खंडाच्या नैर्ऋत्येस नामिबिया आणि अंगोला येथेही त्याची एक वेगळी वसाहत आहे. त्याच्या चार जाती सामान्यतः मानल्या जातात. त्यांतील सर्वांत परिचित जातीला कर्क यांचे नाव दिलेले आहे.

हे जॉन कर्क स्कॉटलंडचे डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ. लिव्हिंग्स्टन यांच्या झांबेझी मोहिमेत ते होते आणि पुढे झांझिबार येथे ब्रिटिश प्रतिनिधी झाले. १८७३ साली झांझिबारच्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद करण्याच्या करारावर सही केली, त्यामागे कर्क यांचे प्रयत्न होते. माणसांच्या खरेदी-विक्रीचा बाजार बंद करविणाऱ्या माणसाचे नाव एवढ्याशा निरुपद्रवी जीवाला मिळाले, हा योगायोग असला तरी तो शोभून दिसतो. कर्क यांच्या काळातील झांझिबारच्या बंदरात कच्छी आणि गुजराती पेढ्यांचा मोठा व्यापार होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जामनगरकडील हालारी विसा ओसवाल कुटुंबे केनियात जाऊ लागली. त्याच सुमारास मोंबासाहून आत व्हिक्टोरिया सरोवराकडे रेल्वेचे रूळ टाकले जात होते. त्या रेल्वेमार्गाच्या आणि पायवाटांच्या कडेने हिंदी व्यापाऱ्यांची छोटी दुकाने उभी राहिली. स्वाहिलीत दुकानाला आजही ‘दुका’ म्हणतात. मोंबासा येथे १९६३ साली उभारलेले शिखरबंद देरासर त्या स्थलांतराची साक्ष आहे. त्या दुकानदारांची गाडी ज्या काटेरी रानातून जात असे ते रान डिक-डिकचेच होते.

एवढा लहान देह या हरणाला का मिळाला, हा प्रश्न उलटा विचारला तर उत्तर अधिक स्पष्ट होते: एवढ्या लहान देहाला जगण्यासाठी काय करावे लागते? १९७४ साली पीटर जार्मन या अभ्यासकाने आफ्रिकेतील कुरंगांचा आकार, आहार आणि समूहजीवन यांचा परस्परसंबंध दाखवून दिला. लहान शरीराला दर किलो वजनामागे अधिक ऊर्जा लागते, आणि लहान पोटात भरड गवत फार काळ ठेवून पचविण्यास जागा नसते. रानरेडा हा घाऊक खरेदीदार. माल हलका असला तरी चालेल, पण गाडाभर हवा. डिक-डिकची रीत जवाहिऱ्याची. ते कोवळे कोंब, कळ्या, फुले, लहान फळे आणि ताजी पाने एकेक करून निवडते. गवताकडे ते क्वचितच वळते. उंच डहाळीसाठी कधी मागच्या दोन पायांवर उभेही राहते. त्याचे टोकदार तोंड काट्यांच्या मधून नेमके पान उचलण्यास योग्य असेच आहे. असे निवडक अन्न एका ठिकाणी भरपूर नसते, विखुरलेले असते. चाळीस-पन्नासांचा कळप तिथे एका सकाळीत सगळे संपवून टाकील. दोन जीवांना मात्र तेच रान वर्षभर पुरते, अट एवढीच की कोणत्या झुडपाला कधी पालवी फुटते हे त्यांना ठाऊक असावे.

पाण्याचा हिशेब याहूनही काटेकोर आहे. डिक-डिक पाणवठ्यावर न जाता जगू शकते. पाने, फळे आणि दव यांतून मिळणारा ओलावा त्याला पुरतो. केनियातील शरीरशास्त्रज्ञ जेफ्री मालॉय यांनी या प्राण्याच्या शरीरातील पाण्याच्या वापराचा सविस्तर अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध केला. त्याची विष्ठा अत्यंत कोरडी असते आणि मूत्र अतिशय दाट. शरीरातून बाहेर पडणारा प्रत्येक थेंब आधी मोजला जातो. पहाटे, संध्याकाळी आणि रात्री ते चरते, भर दुपारी सावलीत बसून राहते. रात्रिभोजनत्यागाचा नियम त्याला लावून चालणार नाही, कारण रात्रीच्या गारव्यात पानांत ओलावा अधिक असतो.

नाक हे त्याचे दुसरे साधन. समोरून पाहिले तर ते किंचित लांबट, सोंडेसारखे, सतत हलणारे दिसते. गुंथर यांच्या नावाच्या उत्तरेकडील जातीत तर ते अधिकच ठळक असते. या नाकाच्या आतल्या ओलसर अस्तराजवळ रक्तवाहिन्यांचे दाट जाळे आहे. ऊन वाढले की डिक-डिक भराभर श्वास घेते, त्या हवेने अस्तरातील ओलावा उडतो आणि तिथले रक्त थंड होते. हे थंड झालेले रक्त मेंदूकडे जाणाऱ्या उष्ण रक्ताची धग कमी करते. देहाचे तापमान चढले तरी मेंदू सुरक्षित राहतो. माणसाला जे नाक गोंडस वाटते ते उन्हाळ्यात प्राण वाचविणारे यंत्र आहे.

अशा प्राण्याला भटकणे परवडत नाही. म्हणून एक नर आणि एक मादी मिळून सुमारे बारा एकर रान धरून राहतात आणि त्याच हद्दीत आयुष्य काढतात. हद्द आखण्याची त्यांची पद्धत दोन प्रकारची. डोळ्याखालचा तो काळा ठिपका म्हणजे एक ग्रंथी असून तिच्यातून चिकट, काळसर द्रव झरतो. तो पाहून हा प्राणी रडतो आहे असे काही जणांना वाटते. प्रत्यक्षात तो गवताच्या काडीचे किंवा डहाळीचे टोक अलगद त्या ग्रंथीत घालतो आणि आपला गंध तिथे ठेवून पुढे जातो. डोळ्यापासून केसभर अंतरावर इतक्या बेताने काडी धरणे हे पाहण्यासारखे दृश्य असते. दुसरी खूण विष्ठेच्या ढिगांची. हद्दीवर ठरलेल्या जागी जोडीतील दोघेही नियमाने विष्ठा टाकतात. मादी आधी, आणि नर मागाहून. नर मादीच्या विष्ठेवर माती उकरतो व त्यावर स्वतःची टाकतो. या सवयीवर आफ्रिकेत एक गमतीची लोककथा सांगतात. डिक-डिक एकदा हत्तीच्या शेणाला ठेचकाळून पडले, तेव्हापासून हत्तीलाही तसेच पाडावे म्हणून ते एकाच जागी ढीग रचत बसले आहे!

शेजाऱ्यांची भांडणे होतात, पण रक्त सहसा सांडत नाही. दोन नर हद्दीवर समोरासमोर येतात, कपाळावरचा तुरा फुलवतात, एकमेकांवर धावून जातात आणि अंगाला अंग लागण्याआधीच थबकतात. मग माना जोरजोराने हलवून, जमीन उकरून, आपापल्या खुणा पुन्हा ठेवून दोघेही परत फिरतात. बारा एकरांच्या मालकीचा वाद इतक्यावर मिटतो. बांधाच्या हातभर जागेसाठी तीन पिढ्या कोर्टात घालविणाऱ्या माणसाने हे दृश्य एकदा जरूर पाहावे.

डिक-डिकची सर्वाधिक कीर्ती झाली ती त्याच्या जोडीमुळे. सस्तन प्राण्यांच्या दहा टक्क्यांहूनही कमी जाती एका जोडीदाराबरोबर राहतात, आणि त्यांतही अनेकांची निष्ठा वरवरचीच असते. नामिबियात पीटर ब्रदरटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाडसांची डीएनए तपासणी केली. १९९७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, जोडीबाहेरच्या नराचे अपत्य असल्याचा पुरावा मिळाला नाही. हे जोडपे निम्म्याहून अधिक वेळ एकमेकांच्या सोबत असते. मादी उठली की नर उठतो; ती चरत पुढे गेली की तो मागोमाग जातो.

हे वाचून लग्नपत्रिकेवर चक्रवाकाऐवजी डिक-डिकचे चित्र छापावेसे कुणाला वाटले तर नवल नाही. अभ्यासकांनी पुढे जे शोधले ते मात्र इतके गोड नाही. नर पाडसाला सांभाळत नाही, त्याला अन्न मिळवून देत नाही, शत्रूपासून वाचवीतही नाही. मादीला त्याच्या सोबतीचा ठळक लाभ होतो असेही आढळले नाही. तो तिच्यामागे सतत असतो याचे मुख्य कारण, दुसरा नर तिथे येऊ नये, हे आहे. तिच्या विष्ठेवर माती टाकणे हासुद्धा तिचा गंध झाकण्याचाच प्रकार. दुसऱ्या मादीच्या मागे गेला तर पहिली हातची जाण्याचा धोका असतो, म्हणून तो एकीजवळच थांबतो. या वागण्याला व्रत म्हणणे चूक होईल. व्रत घेण्यासाठी मोडण्याची मोकळीक आणि न मोडण्याचा संकल्प दोन्ही लागतात. पण त्याला नुसता स्वार्थ म्हणून हिणवणेही तितकेच चूक. शीलाच्या कथा माणसाने स्वतःकरिता लिहिल्या; त्या कथांच्या उपयोगी पडण्यासाठी डिक-डिक जगत नाही. एक मेले की दुसरे झुरून प्राण सोडते ही समजूतही अशीच माणसाने रचलेली. उरलेला जीव आपले रान धरून राहतो आणि कालांतराने त्याच रानात नवी जोडी जमते.

साडेपाच-सहा महिन्यांच्या गर्भकाळानंतर एकच पाडस जन्मते. पहिले दोन-तीन आठवडे ते झुडपात निपचित पडून राहते. आई दिवसातून काही वेळा येते, हळू आवाजात बोलावते, काही मिनिटे पाजते आणि निघून जाते. अधिक वेळ थांबली तर तिच्याच वासावर शत्रू येईल. जन्मलेल्या पाडसांपैकी पुष्कळशी वाढू शकत नाहीत. जी वाचतात ती सहा-सात महिन्यांत पूर्ण आकाराची होतात, आणि मग आईबाप त्यांना हद्दीबाहेर काढतात. बापाने मुलाला पिटाळणे पाहताना माणसाला वाईट वाटते. पण बारा एकरांच्या पेढीत तिसऱ्या भागीदाराची सोय नसते.

या प्राण्याला खाणारे किती! बिबट्या, चित्ता, कॅरॅकल नावाचे रानमांजर, कोल्हे, रानकुत्रे, अजगर, गरुड. बचावाची साधने तीनच: लपणे, ऐकणे आणि पळणे. ऐकण्याबाबत केनियात एक सुंदर प्रयोग झाला असून तो २००८ साली प्रसिद्ध झाला. बाभळीच्या शेंड्यावर बसणारा एक पांढऱ्या पोटाचा पक्षी तिथे आहे. त्याची हाक इंग्रजांना ‘गो अवे’, म्हणजे ‘चालते व्हा’, अशी ऐकू आल्याने त्याचे नावच ‘गो-अवे’ पडले. या पक्ष्याच्या भयसूचक हाकेचे ध्वनिमुद्रण ऐकविले तेव्हा डिक-डिक चरणे थांबवून मान वर करीत, इकडेतिकडे पाहत, पळून जात. पक्षी आपल्या जातभाईंना सावध करीत असतो. खाली झुडपात उभे असलेले हरीण ती भाषा शिकून घेते. स्वतः बुटके असल्याने त्याला दूरचे दिसत नाही, म्हणून शेंड्यावरच्या शेजाऱ्याचे डोळे ते वापरते.

केनियातील लायकिपिया पठारावर रानकुत्रे अनेक वर्षांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस आपणहून परतले. डिक-डिक हेच त्यांचे मुख्य भक्ष्य ठरले आणि तेथील डिक-डिकची संख्या बरीच घटली. तरीही ही हानी रानाच्या आतली आहे. भुकेपुरती मारणारा शत्रू झुडपांच्या संगतीने हजारो वर्षे जगत आला आहे.

माणसाचा व्यवहार वेगळा. सापळे लावून मांसासाठी डिक-डिक पकडणे चालू आहेच. त्याशिवाय त्याची पातळ, मऊ कातडी हातमोजे करण्यासाठी वापरली गेली आहे. कातडी हा पूर्व आफ्रिकेच्या निर्यातीतील जुना, नेहमीचा जिन्नस. एका डिक-डिकच्या कातडीतून एकच हातमोजा निघतो. म्हणजे हातमोज्यांच्या एका जोडीला दोन हरणे. व्यापाऱ्याच्या घरातील लहान मूलही हा गुणाकार तोंडी करील. शंभर जोड्यांची एक पेटी आली, तर तिच्यात दोनशे जीव. बाजारात अशा मऊ कातडीला स्वेड म्हणतात, आणि वस्तूवर प्राण्याचे नाव क्वचितच लिहिलेले असते. पट्टा, पाकीट, चपला घेताना ‘चामड्याचे तर नाही ना?’ असे विचारण्याची जैन घरांतील जुनी सवय अनेकदा थट्टेचा विषय होते. परदेशातून आणलेल्या भेटवस्तूंच्या बाबतीत तर तो प्रश्न विचारणे अवघडही वाटते. त्या प्रश्नामागे काय दडलेले असू शकते ते या हातमोज्यांवरून कळते.

डिक-डिक आज नामशेष होण्याच्या यादीत नाही. कर्क यांच्या नावाची जात तर पुष्कळ संख्येने आहे. संरक्षणाचा विचार करणाऱ्या संस्था संख्या मोजतात आणि ते त्यांचे कामच आहे. पण पुष्कळ आहेत म्हणून प्रत्येकाचे मोल कमी, हा हिशेब अहिंसेच्या वहीत बसत नाही. संज्ञी पंचेंद्रिय जीवाला भय कळते, वेदना कळते. आपल्या जातीचे किती शिल्लक आहेत हे त्याला कळत नाही.

त्याच्या मोहकपणाचाही एक धोका आहे. मोठे डोळे, गोल कपाळ, इवलेसे तोंड या तान्ह्या मुलाच्या खुणा दिसताच माणसाच्या मनात वात्सल्य जागे होते, असे कोनराड लोरेंट्झ यांनी १९४३ साली मांडले होते. डिक-डिकमध्ये यातल्या बऱ्याचशा खुणा आहेत, आणि वाढ पूर्ण झाली तरी त्या जात नाहीत. त्याच्या चित्रफिती घरोघरी पाहिल्या जातात आणि ‘असे एक पाळता येईल का?’ हा प्रश्न मुलेच नव्हे, मोठी माणसेही विचारतात. ज्याचे सारे जीवित बारा एकरांतील गंधखुणांवर, रोजच्या लपण्यावर आणि जोडीदाराच्या मागोमाग चालण्यावर उभे आहे, त्याला दिवाणखान्यात आणले तर उरतात ते फक्त मोठे डोळे. पकडले जाण्याच्या धक्क्यानेही असे लहान कुरंग दगावू शकतात. मांडीवर घेतलेले हरीण शांत दिसत असेल, तर भीतीने गोठून ते तसे झालेले असण्याचा संभव अधिक.

केनिया-टांझानियाच्या सहलींना आता महाराष्ट्रातूनही अनेक कुटुंबे जातात; जैन भोजनाची व्यवस्था करणाऱ्या सहली निघतात. जीपमधून सर्वांचे डोळे सिंहाला शोधत असतात आणि रस्त्याकडेच्या झुडपाशी उभा असलेला एवढासा प्राणी मागे पडतो. सांबुरू येथे लांब नाकाची गुंथर यांची जात दिसते. त्सावो, तारंगिरे, मन्यारा येथे कर्क यांची. पहाटेची किंवा सूर्यास्तापूर्वीची वेळ चांगली. वाटाड्याला आधीच सांगून ठेवावे, इंजिन बंद करावयास लावावे आणि कुणी बोलू नये. प्रथम एकच हरीण दिसते, मान वळवून स्थिर उभे. कॅमेरा लगेच खाली ठेवू नये आणि चालकाला पुढे चलण्याची खूणही करू नये. चार-पाच मिनिटांत बाजूच्या झुडपातून बहुधा दुसरेही बाहेर येते.